आतल्या खोलीतला निळा दिवा

"लाल दिवा आधी काढा, मॅडम. मग बाकीचे," पोलीस पाटील म्हणाले.

मी गोठ्यात गुडघ्यांवर बसून सापळ्याची दोरी खुंट्याला बांधत होते. दिवस नुकताच बुडाला होता. मान वर केली तर गोठ्याच्या दारात ते, दादाजी कापगते, उभे होते आणि त्यांच्यामागे सात-आठ माणसं. कुणी काही बोलत नव्हतं. त्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीवर, आल्यापासून मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती या न बोलण्याची.

कोसमटोला जंगलाला लागून होता. मातीची घरं, कौलं, प्रत्येक घराला चिकटून गोठा. जूनचा महिना होता, पाऊस आला नव्हता. आम्ही आरोग्य खात्याचे लोक तिथे आलो, कारण मोरू नावाचा सात वर्षांचा मुलगा गेला होता. सकाळी ताप, दुपारी झटके, दिवस मावळायच्या आत सगळं संपलेलं. असा ताप वालुमाशी चावल्याने येतो असा आमच्या साहेबांचा, डोंगरवार सरांचा, संशय होता. ही माशी डासापेक्षा कितीतरी लहान. आवाज करत नाही. भिंतीच्या भेगांत दिवसभर बसते आणि अंधार पडला की बाहेर येते. ती आहे कुठे, किती आहे, हे कळल्याशिवाय फवारणी कुठे करायची ते कळत नाही. म्हणून सापळे. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा, त्याच्याखाली पंखा, पंख्याखाली जाळीची पिशवी. उजेडाला माशी येते, पंखा तिला खाली ओढतो. कोणत्या रंगाला ती जास्त येते ते बघायचं होतं, म्हणून आम्ही लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे आणले होते. रोज संध्याकाळी लावायचे, पहाटे उतरवायचे.

पहिल्याच संध्याकाळी लाल दिवा भागरताबाईच्या गोठ्यात लावला. दुसऱ्या दिवशी तिची नात सोनी तापली आणि गेली.

"पाटील, ताप अंगात आधीच असतो," मी उठून उभी राहत म्हणाले. "माशी चावल्यावर काही दिवसांनी येतो. दिव्यानं एका रात्रीत असं होत नाही."

"दिव्याले माशी येते का नाही येत?"

"येते."

"मंग तुमी तिले बोलावताच ना जी."

त्यांनी हे रागाने विचारलं नव्हतं. मी 'नाही' म्हणाले. मला माहीत होतं ते मी सांगितलं होतं, तरी सोनीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. जायच्या आदल्या संध्याकाळी ती त्या लाल उजेडात हात धरून सावल्या पाडत होती.

त्या दिवशी डोंगरवार सर नमुने घेऊन जीपने जिल्ह्याला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होते. टोल्यावर फोन लागत नव्हता. पाटलांनी मला शांतपणे समजावलं की सर येईपर्यंत सापळे शाळेत ठेवा, लोक ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत, मी एकटा कुणाकुणाला धरणार. मी तिन्ही सापळे काढले. ती माणसं बाजूला सरकली आणि मी त्यांच्यामधून, कुणाकडे न बघता, शाळेकडे चालत गेले. माझं वय तेव्हा सव्वीस होतं. नोकरीला वर्षही झालं नव्हतं.

शाळेच्या खोलीत मी सामान ठेवत होते, तोच दारात एक बाई आली. सुकवंता. मोरूची आई. तिला मी दोनदा विहिरीवर पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती आली की बाकीच्या बायका घागरी उचलून निघून जायच्या. दुःख झालेल्या बाईला एकटं सोडायची इथली रीत असेल, असं मला वाटलं होतं.

"माह्या घरी लावा दिवा," ती म्हणाली.

"गोठ्यात?"

"नाई. आतल्या खोलीत. मोरू झोपे तिथं."

आजवर एकाही घराने आम्हाला आतल्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. तिथे देव असतो, धान्य असतं. फवारणीवाले आले तरी गोठा आणि बाहेरच्या भिंती मारून परत जायचे. सर रोज म्हणायचे, घरडे, मला आतली एक खोली मिळायला पाहिजे.

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"मले पाहाचं हाय ते. मोरूले ज्यानं मारलं ते." तिने पदर तोंडाशी धरला. "दिसते ना ते? डोळ्यानं दिसते?"

दिसते, मी म्हणाले.

आम्ही मागच्या वाटेने गेलो. तिचा नवरा हैदराबादकडे बांधकामावर होता, पोराच्या मातीलाही पोचू शकला नव्हता. घरात ती आणि पाच वर्षांची दुर्पता, दोघीच. दुर्पता उंबऱ्यावर बसली होती. आई येताच ती उठून तिच्या पायांना बिलगायला गेली. सुकवंता झटकन मागे सरली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "काकीकडं जा. तिथंच जेव, तिथंच नीज." पोरगी तशीच उभी राहिली. "जा म्हनलं ना."

दुर्पता गेली. शेजारीच तिच्या जावेचं घर होतं, दोन्ही घरांचं मागचं अंगण एकच. मला पोरीची दया आली, पण बरंही वाटलं. त्या खोलीत मूल झोपायला नकोच होतं.

आतली खोली लहान आणि बिनखिडकीची होती. एका कोपऱ्यात बांबूची धान्याची ढोली, शेणाने लिंपलेली. तिच्या मागे भिंतीला ओल आली होती आणि हाताचं बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. खाली गोधडी गुंडाळून ठेवलेली. मी तिन्हींपैकी निळा दिवा निवडला, तोवरच्या रात्रींत गोठ्यांमध्ये त्यालाच जरा जास्त माश्या आल्या होत्या. ही माशी जमिनीलगत उडते, म्हणून सापळा ढोलीजवळ गुडघाभर उंचीवर टांगला. पंखा बारीक घरघरू लागला. निळ्या उजेडात सुकवंताचा चेहरा असा दिसला की मी नजर वळवली.

"आता?" ती म्हणाली.

"आता बाहेर झोपा. पहाटे मी येते."

रात्री शाळेच्या पत्र्यावर दगड पडले. दोन की तीन. मग कुणीतरी खाकरलं आणि पावलं दूर गेली. मी दाराला कडी घालून, बाकं सरकवून त्याला टेकवली होती. दिवा न लावता भिंतीला पाठ लावून बसले. पिंडरीला काहीतरी टोचल्यासारखं झालं आणि मी अंधारात दोन्ही हातांनी पाय चोळत सुटले. मोठ्या माणसांना त्या तापाचा सहसा धोका नसतो, हे मीच गेले काही दिवस सगळ्यांना सांगत होते. त्या वेळी मला त्यातला एक शब्दही खरा वाटला नाही.

फटफटलं तशी मी निघाले. सुकवंता पडवीत जागीच बसली होती. आम्ही आतल्या खोलीचं दार ढकललं.

निळा दिवा चालूच होता. त्याच्या खाली, गोधडी पसरून, दुर्पता झोपली होती.

रात्री कधीतरी काकीकडून उठून, मागच्या दाराने ती आपल्या जागेवर येऊन निजली होती. मी आधी सापळ्याच्या पिशवीचं तोंड बांधलं, कारण तेच माझ्या हातांना सवयीचं होतं. पिशवी उजेडाकडे धरली. पतंग होते, चिलटं होती. आणि जाळीच्या खालच्या भागात, पंख उभे धरून बसलेल्या, फिकट, केसाळ वालुमाश्या. गोठ्यांत आम्हाला मिळत होत्या त्यांच्या कितीतरी पट. त्या सगळा वेळ इथे होत्या, माणसांच्या उशाशी.

मी काचेच्या नळीत त्यातल्या थोड्या ओढून घेतल्या, बूच लावलं आणि भिंगासकट सुकवंताच्या हातात दिली. तिने नळी डोळ्याजवळ नेली.

"इतकुसं?" ती म्हणाली.

"हो."

"याच्या पोटात लाल काय हाय?"

"रक्त पिऊन आलेली आहे ती."

"कोनाचं रगत?"

दोघींनीही खाली बघितलं. दुर्पता पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि तिचे दात एकमेकांवर आपटत होते. मी वाकून कपाळाला हात लावला. हात भाजला. तेवढ्यात तिचं सगळं अंग थडथड उडायला लागलं.

सुकवंता ओरडली नाही. ती भिंतीला पाठ लावून, तोंड ओंजळीत झाकून खाली बसली. "झटके आले," ती म्हणाली. "मोरूले असेच आले होते."

माझ्या डोक्यातून पुस्तकातल्या सगळ्या ओळी सरकून गेल्या. झटक्यांनंतर किती वेळ उरतो, तेही. सर्वांत जवळचं आरोग्य केंद्र रस्त्याने तासाभरावर होतं आणि आमची जीप जिल्ह्याला.

"उचला तिला," मी म्हणाले. "ट्रॅक्टर, बैलगाडी, काहीही मिळवा..."

"तुमी उचला, मॅडम."

"तुम्ही आई आहात तिची."

"तुमी उचला तिले," ती ओंजळीतूनच म्हणाली. "पाया पडतो तुमच्या."

मी गोधडीसकट पोरीला उचललं. एका हाताच्या मुठीत नळी तशीच होती. बाहेर आलो तर अंगण भरलं होतं. जावेने पोरगी अंथरुणात नाही हे बघून आरडाओरडा केला होता, आणि मागच्या दारातून निळा उजेड कुणीतरी पाहिला होता. पुढे भागरताबाई उभी होती. नात गेल्यापासून तिने केस बांधले नव्हते. तिने माझ्या हातातल्या पोरीकडे बघितलं, मग माझ्यामागून येणाऱ्या सुकवंताकडे.

"पाहू नको पोरीकडं," भागरताबाई म्हणाली. "सुकवंता, खाली पाह्य."

सुकवंताने खाली बघितलं. मला काही समजलं नाही. समजून घ्यायला वेळही नव्हता.

एक तरुण माणूस आत गेला आणि सापळा दोरीसकट ओढून बाहेर घेऊन आला. त्याने तो डोक्यावर उचलला तेव्हा माझी खात्री झाली की तो माझ्याच अंगावर येणार. मी पोरीवर वाकले. पाठ आखडून मार लागायची वाट बघत राहिले. पण पाटलांचा हात मध्ये आला आणि त्यांनी सापळा काढून घेतला.

"मॅडम, पोरीले खाली ठेवा," पाटील म्हणाले. त्यांनाही घाम फुटला होता. "पलीकडच्या गावचा पुजारी निघाला हाय. त्याले येऊन मंतरून पाहू द्या, मंग न्या."

"तोवर ती राहणार नाही," मी म्हणाले.

"न्याल अन् वाटेत काही झालं तर?" मागून कुणीतरी म्हणालं. "कोन जबाबदार?"

कुणी हललं नाही. अंगणाला एकच वाट होती आणि त्या वाटेत माणसं उभी होती. माझ्या हातात पोरगी इतकी थरथरत होती की मलाच थंडी वाजल्यासारखं झालं.

तेव्हा सुकवंता माझ्या पुढे आली. मान खालीच होती. कुणाकडेही न बघता ती बोलली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा मोठा ऐकला.

"मोरूले थांबवलं होतं तुमी. पुजारी येते म्हनून. मी थांबलो. तो आला तवा माहं पोरगं गार झालं होतं. दुर्पताले नाई थांबवत. मले मारा पायजे तर. पोरीले जाऊ द्या."

पाटलांनी हातातला सापळा खाली ठेवला. मग वळून आपल्या मुलाला ट्रॅक्टर काढायला सांगितलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाटील, मी आणि सुकवंता बसलो. पोरगी माझ्या मांडीवर. सुकवंता आमच्याकडे पाठ करून, मागे पळणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसली. मध्येच ती विचारायची, हाय का? मी म्हणायचे, आहे. थोडं अंतर गेलं की पुन्हा, हाय का? वळून तिने एकदाही बघितलं नाही. मला तिचा राग आला. पोरीच्या छातीवर हात ठेवून मी प्रत्येक श्वास मोजत होते, आणि जन्म देणारी बाई रस्ता बघत होती.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं. तोपर्यंत तिचं थरथरणं थांबलं होतं आणि ती पाणी मागत होती. त्यांनी मला विचारलं की झटक्यात डोळे फिरले होते का, शुद्ध गेली होती का. मला आठवेना. हाक मारली तर ओ देत होती का? मी म्हणाले, हो, ट्रॉलीत ती एकदा आई म्हणाली होती. त्यांनी बोट टोचून रक्ताची काच घेतली आणि तपासायला पाठवली. सलाईन लावलं. जिल्ह्याच्या गाडीला फोन करून ठेवला.

आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो. त्या बसण्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. मुठीतल्या नळीचं बूच घामाने ओलं झालं होतं.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. "हिवताप आहे," ते म्हणाले. "काचेत स्पष्ट दिसतोय. ते झटके नव्हते, थंडी भरली होती तिला. गोळ्या सुरू करतो. वाचेल ती."

हिवताप. आमच्या खात्यात ज्याच्या नावाने सगळी धावपळ चालते तो. त्या दिवशी ते ऐकून मी व्हरांड्याच्या खांबाला धरून रडले. पाटलांनी टोपी काढून हातात घेतली. सुकवंताला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मंग ते नाई?" तिने विचारलं. "मोरूचं?"

"ते नाही. साधा हिवताप. बरी होईल ती."

"मी पाहिलं तरी?"

"काय?"

ती फरशीवर बसली. मग जे बोलली ते तुटक बोलली, मी जोडून सांगते आहे. मोरू गेला त्याच्या आदल्या दिवशी तिने त्याला नवा सदरा घातला होता आणि डोळे भरून बघितलं होतं. सोनी गेली त्या दिवशी सकाळी सुकवंता विहिरीवरून येत असताना सोनी तिच्या वाटेत आली होती, आणि मोरूच्या आठवणीने सुकवंता तिच्याकडेही तशीच बघत राहिली होती. भागरताबाईने ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या टोल्यात झालं की सुकवंताची नजर पोरांना खाते. आधी स्वतःचं खाल्लं, मग दुसऱ्याचं. अमावास्येला बैठक बसणार होती. अशा बैठकीत बाईचं काय होतं ते तिने सांगितलं नाही, आणि पाटील खाली बघत राहिले.

"त्याईचं मी काही मनात घेतलं नसतं," ती म्हणाली. "पन मलेबी तसंच वाटाले लागलं होतं, मॅडम. मीच असन. म्हनून पोरीकडं पाहात नव्हतो. हात नव्हतो लावत. तुमी म्हनले का एक माशी हाय, तवा मी म्हनलं, पाहून तरी घेतो. माशी असन तर मी नसन."

माझ्याजवळ नळी होती. मी ती तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. ती उठली आणि आत गेली. मी दारातून बघितलं. ती पोरीच्या खाटेजवळ उभी राहिली, आधी पायांकडे बघितलं, मग हातांकडे, सलाईनच्या सुईकडे. चेहऱ्याकडे बघायला तिला फार वेळ लागला. मग ती बघतच राहिली.

दुपारी डोंगरवार सर जिल्ह्याहून परतताना केंद्रावरच आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, टोल्यावर हे सर्वांसमोर सांगावं लागेल, आणि ते मी सांगावं, कारण लोकांनी मला त्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं आहे. त्या अंगणात पुन्हा जायची माझी हिंमत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुर्पता खाटेवर बसून पेज पीत होती, आणि सुकवंता तिला टोल्यावरून आलेल्या जावेच्या भरवशावर ठेवून आमच्याबरोबर जीपमध्ये बसली. ती बसल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

शाळेपुढच्या झाडाखाली पाटलांनी लोकांना बोलावलं होतं. मी बोलले, वाईट बोलले, मध्येच थांबत. पोरीला हिवताप निघाला, ती बरी आहे. मोरूला आणि सोनीला झाला तो ताप वेगळा. तो कुणाच्या नजरेने होत नाही. आमचा संशय ज्या माशीवर आहे ती आतल्या खोल्यांत आहे, ढोल्यांच्या मागे, आणि आपण फवारतो आहोत गोठे. लोक ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. माझं बोलणं संपलं आणि पुन्हा तीच शांतता.

मग भागरताबाई उठली. लोकांमधून वाट काढत ती माझ्यासमोर आली. मी नकळत एक पाऊल मागे सरले. तिने हात पुढे केला. मी नळी आणि भिंग तिच्या हातावर ठेवलं. माश्या मेल्या होत्या, तरी दिसत होत्या. तिने एक डोळा मिटला. बघता बघता तिचा खालचा ओठ हलायला लागला, पण आवाज आला नाही. नळी मला परत देऊन ती सुकवंतापुढे जाऊन उभी राहिली. त्या दोघींमध्ये हातभराचं अंतर होतं आणि कुणीच खाली बघत नव्हतं.

"सोनी माह्याजवळ झोपे," भागरताबाई म्हणाली. "आतल्या खोलीत. ढोलीपाशी."

सुकवंताने तिच्याकडे सरळ बघितलं.

"तो दिवा आन," भागरताबाई म्हणाली. "तूच लाव. मी दार उघडून देतो."

सुकवंताने माझ्याकडे बघितलं. मी सापळा तिच्या हातात दिला, आणि बॅटरी घेऊन तिच्या मागे निघाले. आम्ही त्या घराच्या अंगणात पोचलो तेव्हा मागे पाटलांचा आवाज आला. ते एकेकाचं नाव घेऊन आतल्या खोल्या मोकळ्या करायला सांगत होते.